भाऊजींचा उलटा हात

आमच्या धाकट्या भाऊजींइतका भित्रा माणूस वैनगंगेच्या या काठाला दुसरा झाला नाही. पलीकडच्या काठाला असेलच, तर त्यानं अजून घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, म्हणून आपल्याला ठाऊक नाही. ते वाघाला भीत, हे मी यात धरतच नाही. आमच्या जंगलपट्ट्यात वाघाला न भिणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाही तर थापाड्या. पण माझ्या नवऱ्याचे हे धाकटे भाऊ कुकरच्या शिट्टीला भीत, नव्या चपलेला भीत, एसटीच्या दाराला भीत, आणि बाहेरून कुणी "भाऊ हायेत का घरी?" असं विचारलं तर आधी स्वतःच "नाई" म्हणून टाकत. भुताला मात्र भीत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भूत तापत नाई, वहिनी. जे तापत नाई त्याले काऊन भ्यावं?"

मी त्या घरात लग्न होऊन आले ती बावीस वर्षांची. माहेर वर्ध्याकडचं. माहेरच्या गल्लीत खांबावर दिवे होते आणि त्याचा मला इतका माज होता, जणू रोज संध्याकाळी ते मीच पेटवून यायची. सासरी कंदील. "मी अंधाराला भीत नाही" हे मी सगळ्यांना सांगत असे. बहुतेक वेळा परसात सोबत यायला कुणाला तरी उठवून झाल्यावर सांगत असे. एका संध्याकाळी भाऊजींची फजिती करावी म्हणून मी गोठ्याच्या दाराआड लपले आणि ते लोटा घेऊन येताना वाघासारखी गुरगुरले. लोटा तिथेच टाकून भाऊजी जे पळाले ते दिसेनासे झाले. मी तोंडात पदर कोंबून हसत होते, तेवढ्यात गोठ्याच्या मागे खरोखरच काहीतरी खसफसलं. माझे पाय जमिनीला चिकटले. ओरडावं तर घशातून मघाची गुरगुरसुद्धा निघेना. डुक्कर असेल, कुत्रं असेल, आजतागायत मला माहीत नाही. बऱ्याच वेळानं अंगणातून एक कंदील येताना दिसला. तो असा थरथरत होता की गोठा, झाडं, कुंपण सगळ्यांच्या सावल्या नाचत होत्या. कंदिलामागे भाऊजी होते.

"चला घरात, वहिनी. मघा तुमीच गुरगुरल्या हे मले समजलं होतं."

"मग पळाले कशाला?"

"समजलं ते पळता पळता."

ते पळाले भीतभीत आणि परत आले तेही भीतभीत. बावीस वर्षांच्या त्या शहाण्या बाईला यातलं पळणं तेवढं दिसलं. तिनं ही गोष्ट गावभर सांगितली, आणि परत येण्याचा भाग दरवेळी गाळला.

आरमोरीच्या बाजारात भाऊजींचं एका दाराचं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ, मग टीव्ही, आणि पुढे एलईडीचे दिवे आले तेव्हा तेच. दुकानात डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न होतं, मीटर होतं, पण भाऊजींचं खरं अवजार म्हणजे त्यांचा उलटा हात. कुठलीही वस्तू ते हाताच्या पाठीनं तपासत. "तळहात कामानं निबर झाला असते, त्याले काई समजत नाई. उलटा हात खरं बोलते." वस्तूला उलटा हात लावायचा आणि दहापर्यंत मोजायचं. दहा होईस्तोवर हात टिकला तर ते यंत्र जगेल. पाचावर काढावा लागला, तर त्याच्या घरच्यांना कळवून ठेवावं. ही परीक्षा यंत्रांपुरती राहिली असती तर ठीक. भाऊजी चहाच्या पेल्याला हात लावत, फ्रीजच्या पाठीला लावत, म्हशीच्या कानाला लावत, झोपलेल्या पाहुण्याच्या कपाळालाही लावत. माझ्या मुलीला पाहायला मुलाकडची माणसं आली, तेव्हा पोह्यांच्या बश्या हातात असताना हे उठले आणि मुलाच्या कपाळाला उलटा हात लावून ओठांतल्या ओठांत दहा मोजले. सगळे गार पडले. भाऊजी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "पोरगा थंड हाये. टिकंल." त्या एका चाचणीवर आम्ही लग्न लावलं. जावई अजून तापलेले नाहीत. लग्नात मात्र भाऊजींनी मांडवातल्या सगळ्या फोकसच्या पाठींना हात लावला आणि मंगलाष्टकं चालू असताना निम्मे दिवे बंद केले. फोटोंत नवरा दिसतो, नवरी आहे असं गृहीत धरावं लागतं.

एलईडीचा दिवा जातो तेव्हा दिवा जातच नाही, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वाटलं, आता यांच्याच कपाळाला हात लावून पाहावा. मग त्यांनी एक गेलेला बल्ब उघडून दाखवला. वरच्या, उजेड देणाऱ्या पिवळ्या टिकल्या धडधाकट होत्या. खाली, बल्बच्या गळ्यात बसवलेली एक हिरवी पाटी जळकट झाली होती आणि तिच्यावरची बोटाच्या पेराएवढी कपॅसिटरची पिंपडी फुगली होती. त्या पाटीचं नाव ड्रायव्हर. टिकल्यांना लागते तेवढीच वीज, एकसारखी पुरवायची, हे तिचं काम. स्वस्तातली पाटी जास्तीची वीज स्वतःच्या अंगावर घेऊन जाळत बसते. उजेड थोडा, ताप फार. त्या तापानं पिंपडीतली ओल सुकते, आणि मग दिव्याच्या नावानं पाटी मरते.

"धानाच्या बांधीत पानी घेता नं, वहिनी? सारा पाट एकदम सोडला तं काय होते?"

"बांध फुटतो."

"तेच. दार उघडा, लावा. उघडा, लावा. पायजे तेवढंच घ्या. पानी वाया नाई, बांध फुटत नाई. माझा ड्रायव्हर असाच उघडते-लावते, पन एका सेकंदात हजारो खेपा."

"इतक्यांदा दार उघडलं तर बिजागऱ्या नाही का तापत?" मी आपली चेष्टेत विचारून गेले. भाऊजी बल्ब तसाच उघडा घेऊन दुकानात गेले. दिवेलागणीला मुद्दाम घरी येऊन म्हणाले, "तापतेत. म्हनूनच हात लावून पाहा लागते."

दुसरं त्यांचं तत्त्व असं की दिव्याला पोटभर कधी द्यायचं नाही. दोन घास कमी द्यावेत. उजेड नावालाच घटतो, ताप मात्र पुष्कळ उतरतो आणि दिवा वर्षानुवर्षं चालतो. स्वतःही ते पानावरून दोन घास आधीच उठत. गिऱ्हाइकं कुरकुरत, "भाऊ, दुरुस्तीले देल्ला तवा जास्त उजेड होता." भाऊजी म्हणत, "तवा तो मरून राह्यला होता."

आता रपट्याचं सांगते. आमचं गाव डांबरी रस्त्यापासून थोडं आत आहे आणि मधे नाला. नाल्यावर पूल नाही, रपटा आहे. पावसात पाणी वरून जातं असा सिमेंटचा बसका रस्ता. अलीकडे आमचं घर, पलीकडे बांबूचं रान. एका वर्षी भर दिवेलागणीला त्या नाल्यात वाघानं गावातला एक गुराखी नेला. त्याचं धोतर आणि काठी रपट्यावर होती, आणि त्याच्या गाई त्याच्याशिवाय घरी आल्या. गाई येताना ओरडत नव्हत्या. तो न ओरडता आलेला कळप मी अंगणातून पाहिला आणि त्या दिवसापासून आमच्या गावाला संध्याकाळ राहिली नाही. दुपार संपली की दारं लागत. पण माझी सून आरमोरीला कापडाच्या दुकानात कामाला होती. मुलगा चंद्रपूरला. ती सातच्या गाडीनं उतरून तो रपटा ओलांडून येणार, आणि तिची गाडी येईपर्यंत माझ्या हाताला काम सुचत नसे. चार घरची माणसं काठ्या-डबे वाजवत तिला आणायला जात; रोज किती दिवस जाणार?

रपट्याच्या अलीकडच्या टोकाला कुठल्याशा योजनेतून आलेला सोलरचा दिवा होता. दिवसा बॅटरी भरायची, रात्री जळायचं. तो संध्याकाळी लख्ख लागे आणि पहाटे, बायका मोहफुलं वेचायला निघत तेव्हा, बॅटरी संपून डोळे मिटे. उन्हाळा लागला की तेवढाही लागेना. भाऊजींनी वरचं झाकण उतरवून आतल्या ड्रायव्हरला उलटा हात लावला आणि तीनावर काढला. म्हणाले, "अर्धी बॅटरी हा निस्ता तापन्यात खाऊन राह्यला."

त्यांनी नवा ड्रायव्हर बनवला. तो वर दिव्याच्या उकाड्यात न ठेवता खांबावर छातीच्या उंचीला, उत्तरेच्या सावलीत बसवला. अॅल्युमिनियमचा काळा डबा, बाहेरून बरगड्यांसारख्या पट्ट्या, त्यांच्यामधून वारा खेळावा म्हणून. फार तापलाच तर डबा आपोआप दिवा बंद करी, निवला की परत लावी. छातीच्या उंचीला कशासाठी, तर रोज हात लावता यावा म्हणून. हे काम तीन दिवस चाललं. फक्त ऐन दुपारी, आणि चार माणसं चार दिशांना तोंड करून उभी असतील तरच. तरीही मधूनमधून विचारत, "मांगं कोन हाये?" जाताना बजावून गेले, "डब्याले कोनी काई लावाचं नाई. त्याले निस्ता वारा पायजे."

दिवा संध्याकाळपासून उजाडेपर्यंत जळू लागला. लख्ख नाही, पण एकसारखा. मोहफुलांच्या सबंध हंगामात रपट्यावर वाघ दिसला नाही. सुनेला आणायला जाणं हळूहळू बंद झालं. आणि इथे माझी करामत सुरू होते. तेव्हा मी साठीची, म्हणजे आजच्या मानानं पोरगीच. अक्कलही त्याच वयाची. एका सकाळी मी त्या डब्याला हात लावला. काळा, बरगड्यांचा, रानाकडे तोंड केलेला, आणि कोमट. झोपलेल्या जनावराच्या पोटासारखा कोमट. आमच्याकडे रानाच्या तोंडाशी वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड असतो. जो राखतो त्याला शेंदूर लावायचा, एवढं मला कळत होतं. सुनेचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मी घरी गेले, तेलात शेंदूर कालवला आणि तीन बोटं डब्यावर ओढली. कुणी पाहिलं नाही, असं मला वाटलं. चार दिवसांत तिथे नारळ होता. आठ दिवसांत लाल चुनरी.

भाऊजी तेव्हा नातवाच्या बारशाला नागपूरला गेले होते, ते पंधरा दिवस राहिले. मे महिना. दिवा मधेच मिटू लागला. मिटायचा, काही वेळानं उघडायचा. वाघोबा रागावला, असं ठरलं. म्हणून आणखी शेंदूर. तो जितका मिटे तितके आम्ही थर चढवत होतो. सगळ्यांत जाड थर कुणाचा असेल, हे विचारू नका.

भाऊजी परतले त्या संध्याकाळी आमच्या अंगणात चहा घेत होते. पेल्याला उलटा हात लावून मोजत होते. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. मी चुलीपाशी होते, हातात उलथनं. अंधारून आलं होतं. पलीकडून सून रपट्यावर आलेली दिव्याच्या उजेडात दिसली. जेवणाच्या डब्याची पिशवी तिच्या हातात हलत होती. आणि दिवा मिटला.

वारा अजिबात नव्हता. नाल्याच्या काठाला वानर खाकरलं. मग दुसरं. वानर असं खाकरलं की जवळ काय असतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही समजतं. "आई," अशी सुनेची एकच हाक आली आणि मग काही नाही.

भाऊजी उभे राहिले. "दिवा मेला नाई," ते म्हणाले. "तापून मिटला हाये. त्याले काई पांघरलं का कोनी?" माझ्याकडे एकदा पाहून त्यांनी माझ्या हातातलं उलथनं ओढून घेतलं आणि पळाले. मला वाटलं, घरात. ते रपट्याकडे पळाले. चपला अंगणात राहिल्या. मीही हाताला आलं ते उचलून मागे धावले. हाताला सूप आलं होतं.

खांबाशी पोचून त्यांनी चुनऱ्या ओरबाडल्या, डब्याला उलटा हात लावला. "एक." हात निघाला. शेंदूर लाखेसारखा मऊ झाला होता. भाऊजी उलथन्यानं तो खरवडू लागले आणि अंधारात ओरडून सांगू लागले, "पोरी, उभीच राह्य. वाकू नको, पळू नको. पिशवी डोक्यावर धर, उंच दिस."

"काका," सुनेचा आवाज अगदी लहान झाला होता. "माह्या डाव्या अंगाले काईतरी हाये."

"मालूम हाये. तू मोज माह्यासंगं. वहिनी, वारा घाला."

मी सुपानं वारा घालू लागले. उभ्या आयुष्यात धान पाखडलं नसेल इतक्या जोरानं त्या डब्याला पाखडलं. भाऊजी खरवडत, हात लावत, मोजत. "एक, दोन, तीन." हात निघे. पुन्हा खरवड. "एक, दोन, तीन, चार, पाच." त्यांचे दात वाजत होते, त्यामुळे प्रत्येक आकड्याचे दोन आकडे होत होते. पलीकडून सूनही मोजत होती. बांबूत काहीतरी मोडलं, सावकाश, वजनदार. "सहा, सात." हात निघाला. मी डोळे मिटून घेतले, सूप थांबवलं नाही. "एक, दोन..." आठला त्यांचा हात टिकला होता. नवाला दिवा उघडला.

सून रपट्याच्या मधोमध उभी होती, पिशवी डोक्यावर, गालांवर पाणी. तिच्या डावीकडचं गवत, वारा नसताना, एका बाजूला वाकत वाकत नाल्याकडे गेलं आणि थांबलं. आम्ही दुसरं काही पाहिलं नाही. पाहिलं ते सकाळी, ओल्या वाळूत. ते पंजांचे ठसे पाहून भाऊजी मटकन खाली बसले आणि त्यांना दोघांनी धरून घरी आणलं.

त्या संध्याकाळी सून आमच्यापर्यंत आली तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "आई, सूप काऊन आनलं?"

खरवडलेल्या शेंदराच्या खपल्या भाऊजींनी गोळा केल्या. तळाची खपली त्यांनी दिव्याखाली धरली. तिच्यावर तीन बोटांचे ओरखडे होते, मधलं बोट वाकडं. माझं मधलं बोट लहानपणी उखळात सापडून वाकडं झालेलं आहे. त्यांनी खपली खिशात घातली. रविवारी ते एक मेलेला ड्रायव्हर घेऊन आले, तसाच काळा, बरगड्यांचा, खांबापासून चार हातांवर एका दगडावर बसवला आणि गावाला सांगितलं, "याले पायजे तितकं लावा." कुणीतरी म्हणालं, भाऊ, आतून मेलेला देव कसा चालेल? भाऊजी म्हणाले, "देव तापत नाई. ड्रायव्हर तापते. दोघाईले एका डब्यात काऊन कोंबता?" गावाला पटलं. शेंदूर तिकडे गेला.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "पहिलं बोट माझं होतं, हे तुम्हाला समजलं ना?"

"समजलं."

"खपली पाहून?"

"नाई. पळता पळता."

याला आता दहा वर्षं झाली. माझा नवरा गेला. सून अजून सातच्या गाडीनं येते. दिव्याची बॅटरी दोनदा बदलली, टिकल्या एकदा. ड्रायव्हर तोच आहे. भाऊजींचे हात मात्र इतके थरथरू लागले की सोल्डर जागेवर बसेना, तेव्हा त्यांची मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाताना ते खांबाशी उभे राहिले आणि माझा हात धरून, उलटा करून, डब्यावर ठेवून गेले. चाळीस वर्षं ज्याची मी टिंगल केली ते काम आता माझ्याकडे आहे. रोज दिवेलागणीला मी काठी टेकत जाते. वानरांचा कानोसा घेते, दोनदा मागे वळून पाहते, कधी कुणी सोबत असेल तर "मागं कोण आहे?" असंही विचारते. घरी आल्यावर फोन वाजतो.

"लावला का हात, वहिनी?"

"लावला."

"कितीपरेंत मोजलं?"

"वीस."

"दहापरेंतच मोजाचं असते."

"मला माहीत आहे," मी म्हणते.

परवा म्हणाले, "इथी फ्लॅटमंधी सारं थंड हाये, वहिनी. हात लावून पाहाले काईच नाई."

काल पुन्हा खांबाशी गेले. सूर्य बुडून थोडाच वेळ झाला होता, बांबूत अंधार बसत होता, दिवा नुकताच लागला होता. उलटा हात डब्यावर ठेवला. दहा झाले, वीस झाले. घरी जायला हवं होतं, आणि भीतीही वाटत होती. सुनेची गाडी रस्त्यावर थांबल्याचा आवाज येईपर्यंत मी मोजत राहिले.